दुखणं सांगायचं कोणत्या भाषेत?

परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अशा महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. मराठी न येणारे तरुण डॉक्टर वॉर्डात असणारच, आणि ते हवेतही. पण छातीत कळ येते की जळजळतं, यावर तपासणीची दिशा ठरते. कॅनडातल्या ऑन्टारिओत २०२२ च्या एका अभ्यासात, स्वतःच्या भाषेत उपचार मिळालेल्या फ्रेंचभाषक रुग्णांचा रुग्णालयात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे २४ टक्के कमी दिसली. नातेवाईक दुभाषी होतोच की, असं कुणी म्हणेल. पण अंगावरून जाण्याचा त्रास सून सासऱ्यासमोर सांगेल? वैद्यकीयच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेला जागा आहे. ती शिकवणी वर्गातून थेट बाह्यरुग्ण विभागात न्यायला हवी. परभणीत त्यासाठी मराठीच्या जोडीला उर्दूही लागेल.