फाइल पुसली गेली, तर आधी हात थांबवा

आज गटाच्या हिशोबाबद्दल बोलू या. वहीतल्या नव्हे, कॉम्प्युटरमधल्या.

पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. यातलं पाचवं सूत्र पूर्वी वहीत होतं. आता कार्यालयात दोन-तीन कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असतात. त्यातल्या एकावर एक फोल्डर सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. अतनूरची ताई असो की घोणसीची, आपापल्या गटाची नोंद तिथंच करते. सोय मोठी आहे, पण एकीच्या बोटानं सगळ्यांचं पुसलंही जाऊ शकतं.

जळकोटला आमच्याकडं हेच झालं. बँकेचे साहेब यायला दोन दिवस राहिले होते आणि कर्जफेडीचं फोल्डर दिसेना. नोंदी करणाऱ्या मुलीच्या हातून ते डिलीट झालं होतं. तिनं आपल्या कॉम्प्युटरचं रिसायकल बिन पाहिलं, तिथं काहीच नव्हतं. लेकरू घाबरलं आणि गप्प बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रडत रडत सांगितलं. तोवर मुख्य कॉम्प्युटरवर आम्ही बैठकीचे फोटो उतरवले होते, नव्या फाइली केल्या होत्या. डिलीट होण्यानं जेवढं बिघडलं, त्याहून जास्त त्या एका दिवसानं बिघडलं. कसं, ते सांगते.

आपल्याच कॉम्प्युटरवरची फाइल डिलीट केली की ती आधी रिसायकल बिनमध्ये जाते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या खुल्या फोल्डरातली फाइल मात्र त्या बिनमध्ये थांबत नाही, सरळ जाते. म्हणून विंडोज विचारतं, कायमची काढू का? आपण घाईत 'यस' दाबतो.

पण गेली म्हणजे लगेच नाहीशी झाली, असं नाही. सातबाऱ्यावरून नाव काढलं तरी शेत जागेवरच असतं ना? तसंच हे. कॉम्प्युटर फक्त नाव खोडतो आणि ती जागा मोकळी समजतो. नंतर नवीन फाइल आली की तिथं पेरणी होते. मग जुनं पीक परत मिळत नाही. आमचे फोटो त्याच शेतात पेरले गेले. आणि कॉम्प्युटरमध्ये जुनी हार्ड डिस्क नसून नव्या प्रकारची एसएसडी असेल, तर ती मोकळी जागा थोड्याच वेळात स्वतःच नांगरून टाकते. तिथं आशा कमीच.

म्हणून असा प्रसंग आला तर काय करायचं, क्रमानं ऐका.

पहिलं, ताबडतोब सगळ्यांना सांगा आणि ज्या कॉम्प्युटरवर ते फोल्डर आहे, त्यावरचं काम थांबवा.

दुसरं, फाइल खरंच गेली का ते पाहा. माउस घसरून ती शेजारच्या फोल्डरात जाऊन पडलेली असते, असं बऱ्याचदा होतं. नाव टाकून शोधा. नुकतीच सरकली असेल तर कंट्रोल आणि झेड एकत्र दाबलं की जागेवर येते.

तिसरं, मुख्य कॉम्प्युटरवर जा. त्याचं रिसायकल बिन बघा. कुणी त्याच्यापुढं बसून डिलीट केलं असेल, तर फाइल तिथं सापडेल. नाही सापडली तर त्या फोल्डरावर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' उघडा. जुन्या प्रती ठेवायची सोय आधीच चालू केलेली असेल, तर तिथं तारखा दिसतील. मात्र 'रिस्टोअर' दाबू नका. त्यानं आजच्या चांगल्या फाइलींवरही जुन्या बसतील. जुनी तारीख उघडा आणि हवी तेवढीच फाइल कॉपी करून वेगळ्या जागी ठेवा.

चौथं, तिथंही नसेल तर जाणकाराला बोलवा. रेकुव्हासारखी फाइल शोधणारी सॉफ्टवेअर असतात. ती मुख्य कॉम्प्युटरच्या डिस्कवरच चालवावी लागतात, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जमत नाही. सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर भरू नका, पेनड्राइव्हवरून चालवा. सापडलेल्या फाइलीही पेनड्राइव्हवरच घ्या.

तुमचं फोल्डर गूगल ड्राइव्हवर असेल तर गोष्ट वेगळी. फाइल जिच्या खात्याची आहे तिनंच डिलीट केली असेल, तर तिच्या ट्रॅशमध्ये ती 30 दिवस राहते. दुसऱ्या ताईनं काढली असेल, तर बहुतेक वेळा ती फोल्डराबाहेर, मालकिणीच्या ड्राइव्हमध्ये पडलेली असते. मालकिणीनं नाव टाकून शोधावं.

आमचं काय झालं? उदगीरहून माणूस आला. काही फाइली मिळाल्या, काहींची नावं बदललेली, काही उघडल्याच नाहीत. उरलेल्या नोंदी गटांच्या वह्या आणि बायांची पासबुकं मागवून दोन रात्री बसून पुन्हा लिहिल्या. एका मावशीचे तीन हप्ते कॉम्प्युटरमध्ये कुठंच नव्हते. पासबुकावर सही होती, म्हणून ती थकबाकीदार ठरली नाही.

तेव्हा एक गोष्ट कळली. आपल्याला वाचवते ती दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत. असं मोठमोठ्या कंपन्यांतही घडलंय. 1998 साली अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी 2' या सिनेमाच्या बहुतेक फाइली एका चुकीच्या हुकमानं पुसल्या गेल्या. प्रती घेण्याची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नव्हती आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सिनेमा वाचवला गॅलिन सुस्मन या बाईंनी. त्या बाळंत झाल्या होत्या, घरूनच काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती. तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून गाडीतून कार्यालयात नेला.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. दर आठवड्याला बैठक झाली की हिशोबाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचं. दोन पेनड्राइव्ह ठेवायचे, एक या आठवड्याला, दुसरा पुढच्या. ते कार्यालयात नको, अध्यक्षा किंवा सचिव ताईंच्या घरी. महिन्यातून एकदा त्यातली फाइल उघडून बघायची, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी. फोल्डरात बदल करायची परवानगी नोंदी करणाऱ्यांनाच द्यायची, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. आणि पासबुकावरची सही कॉम्प्युटर आला म्हणून सोडायची नाही.

शेवटचं. त्या मुलीला आम्ही रागावलो नाही असं नाही. रागावलो. पण खरी चूक आमची होती. चूक सांगितली तर बोलणी बसतील, ही भीती तिच्या मनात आम्हीच घातली होती. आता कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवलंय, "पुसलं गेलं तर लगेच सांगा, कुणी रागावणार नाही." या महिन्याच्या बैठकीत तुम्हीही एक प्रश्न विचारा. आपल्या हिशोबाची दुसरी प्रत कुठं आहे आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली?