पोळ्यानंतर करपणारा कडुनिंब

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर सावरगाव उभे राहते, दुसऱ्यावर पांढुर्णा. पात्रात पळस रोवलेला असतो आणि गोटमारीच्या दगडफेकीत सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. नेमक्या याच दिवसांत दारातल्या, शाळेतल्या, धुऱ्यावरच्या कडुनिंबाकडेही मान वर करून पाहायला हवे. त्याचे कोवळे शेंडे तांबूस पडू लागतात. दिवाळीपर्यंत अख्खे झाड जाळातून काढल्यासारखे दिसते आणि कोणीतरी म्हणते, "गेलं हे, सरपणाला तरी येईल." तिथेच थांबावे, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

२०२१ मध्ये तेलंगणात गावोगावचे कडुनिंब असेच करपले होते. त्यामागे फोमोप्सिस ॲझाडिरॅक्टी नावाची बुरशी असते. भारतातल्याच संशोधकांनी १९९७ मध्ये तिचे वर्णन केले. पावसाच्या ओलाव्यात ती फोफावते, थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर पसरते. कोकणात काजूला छळणारा ढेकण्या कडुनिंबाच्या कोवळ्या फुटीतूनही रस शोषतो आणि शेंडे आणखी वाळतात. पण ही मर बहुधा शेंड्यांचीच असते. मोठे झाड उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा पालवते.

म्हणून आधी नखाची परीक्षा. वाळलेल्या फांदीची साल थोडी खरवडा. आत तपकिरी, कोरडे दिसले तर हातभर खाली या, पुन्हा खरवडा. हिरवा ओलावा लागला की तिथून खाली जीव आहे.

सगळ्या झाडाचे शेंडे एकदम करपले तर संशय बुरशीवर घ्यावा. एकाच बाजूची जाड फांदी वाळली असेल, तर शेंडा सोडा, तिच्याखालची जमीन बघा. तिथे नाली खोदताना मुळे तुटली असतील, काळ्या मातीत पाणी तुंबले असेल किंवा खोडाला भिडवून सिमेंटचा ओटा बांधला असेल. ओट्याचा दोष मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो आपण झाडाच्या प्रेमापोटी करतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. बुंध्याशी ताटलीसारखी कडक अळंबी दिसली, तर मात्र आतले लाकूड कुजत असण्याची भीती असते. त्या झाडाखाली बाज टाकू नका. आधी जाणकाराला दाखवा.

उपाय इथल्या माणसाला नव्याने शिकवायला नको. संत्र्याच्या बागेत आपण दरवर्षी सल काढतोच. वाळलेली काडी हिरव्या भागात थोडे शिरून कापायची आणि बागेबाहेर जाळायची, ही तीच रीत. कापणी उघाडीत करा आणि प्रत्येक झाडानंतर करवत निर्जंतुक करून घ्या. जाड फांदी आधी खालून अर्धवट चिरावी, थोडे पुढे सरकून वरून कापावी, मग उरलेला खुंट काढावा. नाहीतर फांदी स्वतःच्या वजनाने खोडाची साल सोलत खाली येते. फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर कडी राखायची. झाड जखम भरते ते तिथूनच, हे अमेरिकी वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चिरून दाखवले.

कापावर बोर्डो मलम लावायचा तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, आणि लोखंडी बादली नको. तरी मलमापेक्षा काप स्वच्छ असणे मला जास्त मोलाचे वाटते. गावातल्या उंच झाडावर विषारी फवारणी करू नये. ते तुषार विहिरीत आणि गोठ्यात उतरतात. त्याऐवजी उन्हाळ्यात पाणी द्या, तेही खोडाशी नाही, फांद्यांच्या घेराखाली. रोगट झाडाची निंबोळी रोपांसाठी पेरू नका, कारण बुरशी बियांतूनही जाते.

नखाला जिथे हिरवे लागले, तिथे आज गेरूची खूण करा. चैत्रात पालवी त्या खुणेच्या वर फुटते की खाली, ते पाहा. कुऱ्हाडीचे तेव्हा ठरवू.