फळ्यावरचे दोन डोंगर

मराठी शाळेतल्या मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ म्हटले की कागदावर काय उतरणार हे आधीच ठाऊक असते: दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली वाकडी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. विदर्भातल्या सपाट गावातही डोंगर येतात, नारळ तर येतोच. कल्पनाशक्ती कमी पडली म्हणून हे घडत नाही. मूल फळ्यावरचा साचा इमानाने गिरवत असते. या गिरवण्याला इतिहास आहे. 1857 साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करून घेण्याची विलायती शिस्त रुजली. कारागीर घडवायचे तर हाताला वळण हवे, हा तिचा हिशेब होता आणि तो त्या कामापुरता चुकीचाही नव्हता. पण आठ वर्षांच्या मुलाला कारागीर करायचे नसते.

याच्या उलट वाट फ्रांत्स चिझेक यांनी 1897 साली व्हिएन्नात मुलांना मोकळेपणाने चित्रे काढू देणारा कलावर्ग काढून दाखवली. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 च्या आपल्या ग्रंथात बालचित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले. लहान मूल दिसते ते काढत नाही, माहीत असते ते काढते. म्हणून घराच्या भिंतीतून आतली माणसे दिसतात आणि सगळे जग कागदाच्या तळाशी एका रेघेवर उभे राहते. या चित्राला ‘चूक’ म्हणणे म्हणजे बोबड्या बोलाला व्याकरण लावणे. आपल्याकडे सेवाग्रामला नंदलाल बोस यांचे शिष्य देवी प्रसाद यांनी 1944 पासून हीच समज नई तालीमच्या मुलांमध्ये रुजवली. हे वर्ध्याजवळ घडले, तरी आपल्या बहुतेक शाळांच्या चित्रकलेच्या तासाला त्याचा वारा लागला नाही.

मग मुलांना नुसते मोकळे सोडायचे का, हा आक्षेप रास्त आहे. चिझेक यांच्या वर्गातली चित्रे एकमेकांसारखी दिसतात, अशी टीका झालीच होती. म्हणजे न शिकवणाऱ्याचाही ठसा उमटतो. शिवाय नऊ-दहाव्या वर्षी मुलालाच चित्र ‘खरे’ दिसायला हवे असते. तसे ते जमले नाही की ‘मला येत नाही’ म्हणून वही कायमची मिटते. इथे गप्प बसणारा शिक्षक मृदू नव्हे, आळशी. या वयात पाहायला शिकवावे लागते: जास्वंदीच्या पानाच्या कडेवरून नजर मुंगीच्या चालीने फिरवायची, तिच्याबरोबर पेन्सिल चालवायची, कागदाकडे बघायचे नाही. रेघ वेडीवाकडी येते, पण ती त्याच पानाची असते. बेटी एडवर्ड्स यांनी 1979 च्या पुस्तकात चित्र उलटे ठेवून काढायला लावले. चित्र काढणे हे मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाचे काम, ही त्यांची उपपत्ती आज तितक्या सरळ रूपात टिकत नाही. सराव मात्र उपयोगी पडतो, कारण उलट्या नाकाला मन ‘नाक’ म्हणत नाही आणि डोळ्याला आकार मोजावाच लागतो.

राहिला एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांचा प्रश्न. दहावीला वाढीव गुण मिळतात, तेव्हा पालकांचा आग्रह समजण्याजोगा आहे. पण वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे दोन्ही पेपर मुळात निरीक्षणाचेच आहेत. स्मरणचित्रासाठी फुगेवाला आणि पाणवठा घोकून घेणारे क्लास त्यातले स्मरण काढून पाठांतर तेवढे ठेवतात. परीक्षा राहू द्यावी, घोकंपट्टी थांबवावी. आणि शिक्षकांनी, पालकांनी एवढे पाळावे: मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल चालवू नये. दाखवायचेच असेल तर शेजारी दुसरा कागद घ्यावा.