छायाचित्रातील व्यक्तीची बाजू

कलेतील नग्नता श्लील की अश्लील, हा वाद आपल्याकडे जुना आहे. वक्तृत्व स्पर्धेत तो हमखास येतो आणि दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात. या वादात चित्रकार बोलतो, छायाचित्रकार बोलतो, समीक्षक बोलतो, प्रसंगी पोलीस आणि न्यायालयही बोलते. गप्प असते ती एकच व्यक्ती, जिचे ते चित्र असते. आपण कसे दिसावे असे तिला वाटत होते? निघालेले चित्र पाहून तिला काय वाटले? प्रस्तुत लेखात श्लील-अश्लीलाच्या वादात न शिरता एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विषय ऐकून काही मैत्रिणींनी तोंडावर ओढणी धरली. परंतु लेख वाचून झाल्यावर हा प्रश्न त्यांनाही घरचाच वाटेल, असा मला भरवसा आहे.

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. चित्रकारासमोर मॉडेल बसते तेव्हा तो तिचे नाक बदलू शकतो, वय कमी करू शकतो, चेहरा दुसऱ्याच कोणाचा लावू शकतो. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात मॉडेल समोर बसवून मानवी देहाचा अभ्यास करण्याची परंपरा आहे. रवी जाधव यांचा २०१८ साली प्रदर्शित झालेला 'न्यूड' हा मराठी चित्रपट अशाच एका मॉडेलवर आहे. त्यातील यमुना मुलाच्या शिक्षणासाठी हे काम करते आणि ते मुलापासूनच लपवते. चित्रकलेच्या वर्गात असे लपणे काही अंशी शक्य असते. कॅमेऱ्याचे तसे नाही. छायाचित्रात दिसतो तो त्या दिवशी त्या खोलीत असलेला तोच देह, तोच तीळ, तोच व्रण. शिवाय एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघतात आणि आता तर निगेटिव्हचीही गरज उरलेली नाही. म्हणून छायाचित्रातील मॉडेलचा प्रश्न अधिक नाजूक ठरतो.

कॅरिस विल्सन

या दृष्टीने अमेरिकेतील कॅरिस विल्सन हिची हकीकत फार बोलकी आहे. तिचा जन्म १९१४ चा. वडील नावाजलेले कादंबरीकार. मुलगी हुशार होती, तिला कॉलेजची शिष्यवृत्तीही मिळाली होती. पण वडिलांनी जाऊ दिले नाही. घरात पुस्तकांची रास असून मुलीला कॉलेज नाकारणारा तो बाप आणि स्वतः चौथीत शाळा सोडून मला येथवर पाठवणारे माझे वडील, यांची तुलना माझ्या मनात आल्यावाचून राहिली नाही. असो. १९३४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कॅरिस ही एडवर्ड वेस्टन या विख्यात छायाचित्रकाराची मॉडेल झाली. वेस्टन तिच्याहून अठ्ठावीस वर्षांनी मोठा. पुढे दोघांचे प्रेम जमले, १९३९ मध्ये लग्न झाले आणि काही वर्षांनी ते विभक्तही झाले.

वेस्टन मॉडेलचे हातपाय धरून तिला बसवीत नसे. तिने आपल्या मनाने हलावे, वळावे, आणि हवे ते दिसले की त्याने थांबायला सांगावे, अशी त्याची रीत होती. कॅलिफोर्नियातील ओशिआनो येथील वाळूच्या टेकड्यांवर १९३६ मध्ये काढलेली कॅरिसची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्या टेकड्यांच्या उतारावरून ती वाळूत स्वतःला झोकून देई, घरंगळत खाली येई. ती चित्रे पाहताना मला त्यात लाजही दिसली नाही आणि आमंत्रणही दिसले नाही. उन्हात वाळूवर पडलेले एक निवांत माणूस दिसले.

त्याच वर्षीचे दुसरे चित्र अधिक गाजले. सांता मोनिका येथील घराच्या दारात कॅरिस जमिनीवर बसली आहे. गुडघे उभे, हातांची त्यांना मिठी, मान खाली घातलेली. ऊन डोळ्यांवर येत होते म्हणून तिने मान खाली घातली होती. चेहरा दिसत नाही, दिसतो तो केसांचा भांग. जगभरच्या पुस्तकांत छापल्या गेलेल्या या चित्राबद्दल दोघांचीही कुरकुर होती, पण ती निरनिराळी. वेस्टनला उजव्या दंडावरची सावली खटकत राहिली. कॅरिसला खटकले ते आपला वाकडा भांग आणि केसांत दिसणाऱ्या पिना!

हे वाचून मला प्रथम हसू आले. नंतर वाटले, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे. जग तिच्या उघड्या अंगाकडे पाहत होते आणि तिला वाटत होते की भांग सरळ काढायला हवा होता. आपली आईसुद्धा फोटोला उभी राहण्याआधी भांगच चाचपते. मॉडेल कपडे उतरवते तेव्हा आवडनिवड, हौस आणि अभिमान उतरवून ठेवीत नाही. चित्र काढणाऱ्याला सावली दिसते. जिचे चित्र असते तिला मात्र आपण स्वतः दिसतो, आणि तिचा निकष वेगळा असतो.

कॅरिसचे काम दारात बसण्यापुरते नव्हते. १९३७ साली वेस्टनला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. ती मिळवणारा तो पहिला छायाचित्रकार. त्या अर्जाच्या लेखनात कॅरिसचा मोठा हात होता. त्या शिष्यवृत्तीवर दोघांनी केलेल्या प्रवासात मोटार तिने चालवली, नोंदी तिने ठेवल्या आणि १९४० साली निघालेल्या पुस्तकाचा मजकूरही तिनेच लिहिला. तरीही बहुतेकांना ती आठवते ती वेस्टनची मॉडेल म्हणूनच. अखेर वयाची ऐंशी ओलांडल्यावर, १९९८ साली, तिने आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'दुसऱ्या भिंगातून' असा होतो. आपले नाव चित्राखाली न राहता कामात धरले जावे, ही तिची अपेक्षा त्या नावातूनच कळते.

जॉर्जिया ओ'कीफ

दुसरे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. जॉर्जिया ओ'कीफ ही स्वतः मोठी चित्रकर्ती. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या छायाचित्रकाराने १९१७ ते १९३७ या वीस वर्षांत तिची तीनशेहून अधिक छायाचित्रे काढली. त्यांत तिचे हात आहेत, मान आहे, चेहरा आहे आणि नग्न देहही आहे. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांपैकी काही लोकांसमोर आली आणि एकच गाजावाजा झाला. त्या वेळी चित्रकर्ती म्हणून तिची ओळख नुकतीच होऊ लागली होती. परिणाम असा झाला की समीक्षक तिच्या फुलांच्या आणि रंगांच्या चित्रांतही तिचा देहच शोधू लागले. हे तिला मुळीच रुचले नाही. आपली चित्रे तशा नजरेने वाचली जाऊ नयेत यासाठी ती पुढे आयुष्यभर झगडली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. स्टिग्लिट्झसमोर उभे राहण्यास तिची पूर्ण संमती होती. तो तिचा प्रियकर होता, १९२४ मध्ये पती झाला. त्या चित्रांची तिला लाजही वाटत नव्हती. तिला खुपले ते त्या चित्रांचे पुढे जे झाले ते. खोलीत दिलेला होकार खोलीबाहेर किती चालतो, हा खरा प्रश्न आहे. तिला एक संधी मात्र मिळाली. स्टिग्लिट्झ १९४६ साली वारल्यावर त्याच्या छायाचित्रांची व्यवस्था तिनेच लावली. १९७८ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तिच्याच छायाचित्रांचे प्रदर्शन झाले तेव्हा प्रास्ताविक तिने स्वतः लिहिले. साठ वर्षांपूर्वीची ती चित्रे पाहून, ही बाई कोण, असा प्रश्न आपल्याला पडतो, अशा आशयाचे तिने त्यात म्हटले आहे. वय वर्षे नव्वद! चित्रातली व्यक्ती बदलत जाते, चित्र बदलत नाही. म्हणून चित्राविषयी तिचे मत एकदाच विचारून भागत नाही.

जो स्पेन्स

तिसरे उदाहरण इंग्लंडमधील जो स्पेन्स हिचे. ती कामगार कुटुंबातील. लग्नाचे आणि घरगुती फोटो काढणारा स्टुडिओ तिने काही वर्षे चालवला होता. माणसांना कॅमेऱ्यासमोर 'चांगले' कसे दिसायला लावतात, हे तिला आतून ठाऊक होते. १९८२ साली तिला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेपूर्वी तिने आपल्या स्तनावर शाईने लिहिले, 'ही जो स्पेन्सची मालमत्ता?' आणि सहकाऱ्याच्या मदतीने तसे छायाचित्र काढले. शेवटचे प्रश्नचिन्ह महत्त्वाचे. डॉक्टरांच्या हाती सोपवलेले शरीर आता कोणाचे, असे ती विचारते. या चित्रात सौंदर्य मिरवलेले नाही. आजारी, वय झालेल्या, भ्यालेल्या देहालाही स्वतःच्या इच्छेप्रमाणे दिसण्याचा अधिकार आहे, एवढेच तिचे म्हणणे. तिने मॉडेल आणि छायाचित्रकार या दोन्ही जागा स्वतःकडे घेतल्या.

आपल्या घरातील गोष्ट

कोणी म्हणेल, या परदेशी बायकांशी आपला काय संबंध? मला तो संबंध एका साध्या ठिकाणी सापडला. गेल्या उन्हाळ्यात, आत्याने आणलेल्या स्थळासाठी, माझा एक फोटो काढण्यात आला. तालुक्याच्या गावचा स्टुडिओ, मावशीची साडी, मागे धबधब्याचा पडदा. फोटोग्राफरने हनुवटीला बोट लावून मान वळवली आणि दात दिसू देऊ नका म्हणून बजावले. मग कॉम्प्युटरवर माझा रंग उजळ केला आणि लहानपणी चुलीपाशी भाजल्याचा गालावरचा डाग पुसून टाकला. संध्याकाळपर्यंत तो फोटो किती फोनांत पोचला याचा हिशेब नव्हता. माझ्या अंगावर सहावार साडी होती. तरीही कोणी अनोळखी माणसे आपल्याला निरखीत आहेत आणि आपल्याला त्यांची तोंडेही माहीत नाहीत, ही भावना मला रात्रभर जाळत राहिली.

मी वडिलांना म्हणाले, "दादा, त्यो फोटो माझा न्हाई." ते जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "मग तुला कसा पायजे व्हता?" हा प्रश्न मला तोवर कोणीच विचारला नव्हता. मी म्हणाले, "डाग राहू द्यायचा व्हता. आन् पाठवायच्या आधी मला दाखवायचा व्हता." दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याला फोन करून तो पुढे न पाठवण्यास सांगितले. जे गेले होते ते मात्र परत आले नाहीत.

कॅरिस, जॉर्जिया, जो यांच्याविषयी मी वाचले ते त्यानंतर. त्या तिघींचे मागणे माझ्या दोन वाक्यांहून फार निराळे नव्हते. आहोत तसे दिसू द्या, आणि चित्र कोठे जाणार ते आम्हाला विचारा.

कायदा काय विचारतो

आपल्याकडील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९९५ साली एका बुटांच्या जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधु सप्रे हे दोन मराठी मॉडेल, पायांत बूट आणि अंगाभोवती अजगर, एवढ्यावर उभे राहिले. छायाचित्रकार होते प्रबुद्ध दासगुप्ता. अश्लीलतेचा खटला झाला, चौदा वर्षे चालला आणि २००९ मध्ये निर्दोष सुटका झाली. त्या खटल्यात प्रश्न होता, पाहणाऱ्या समाजाचे काय बिघडले? उभे राहणाऱ्यांची इच्छा काय होती, हा त्यातील मुद्दा नव्हता.

दुसरी गोष्ट भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ ची. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. ही तरतूद त्याआधी २०१३ पासून भारतीय दंड संहितेत होती. तिच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की स्त्रीने खाजगी अवस्थेतील छायाचित्र काढू देण्यास संमती दिली असेल, पण ते इतरांना देण्यास दिली नसेल, तर ते इतरांना देणे हा गुन्हा आहे. म्हणजे काढण्याचा होकार वेगळा आणि पसरवण्याचा होकार वेगळा. ओ'कीफला १९२१ मध्ये जे भोगावे लागले त्यातून निघणारा हाच धडा आहे. येथे कायदा समाजाच्या लाजेऐवजी त्या व्यक्तीच्या इच्छेबद्दल विचारतो, हा मला मोठा बदल वाटतो.

जबाबदार छायाचित्रकार हे भेद आधीच पाळतात. चेहरा दिसणार की नाही, कोणता भाग दिसणार, चित्र प्रदर्शनात जाणार की पुस्तकात, हे अगोदर बोलून कागदावर लिहिले जाते. कपडे बदलण्यास आडोसा असतो, मध्ये विश्रांतीत पांघरायला झगा असतो. मॉडेलला सोबत कोणी आणता येते. सूचना तोंडाने द्यायच्या, अंगाला हात लावायचा नाही. आणि ती 'पुरे' म्हणाली की पुरे. हे नियम ऐकायला रूक्ष वाटतात. परंतु ज्या चित्रांत मॉडेल अवघडलेली दिसत नाही, त्यांच्यामागे पुष्कळदा असाच विश्वास असतो. ज्याला आपण चित्रातील सहजता म्हणतो, तिचा काही भाग मॉडेलने दिलेला असतो.

नग्न छायाचित्राची परीक्षा करताना आपण किती अंग उघडे आहे हे मोजतो. त्याऐवजी, यातील व्यक्तीने हे चित्र पाहिले होते का आणि ते तिला आपले वाटले का, असे विचारून पाहावे. ही कसोटी लावली तर काही नग्न चित्रे निर्मळ ठरतील आणि काही अंगभर कपड्यांतली चित्रेही दोषी ठरतील. आज कोणाचाही चेहरा उचलून दुसऱ्या देहाला चिकटवता येतो, अशा काळात ही कसोटी केवळ कलावंतांपुरती राहिलेली नाही.

जाता जाता एक सूचना. आपल्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाची, श्रमसंस्कार शिबिराची पुष्कळ छायाचित्रे काढली जातात. फलकावर लावण्यापूर्वी आणि अंकात छापण्यापूर्वी ती त्यांतील मुलामुलींना एकदा दाखवण्याची पद्धत पुढील वर्षापासून सुरू करता येईल का? खर्च काहीच नाही. कोणाचा भांग वाकडा असेल, तर ती सांगेल.