अलास्काच्या मुलांची काविळीतून सुटका

1960 च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ बारूच ब्लमबर्ग जगभरचे रक्तनमुने तपासत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात त्यांना अनोळखी प्रथिन सापडले. ते काविळीला कारण ठरणाऱ्या हेपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणाचा भाग असल्याचे पुढे उघड झाले. या शोधासाठी 1976 मध्ये ब्लमबर्ग यांना नोबेल मिळाले आणि पुढे त्यातूनच लस आली. या लसीवर पहिला हक्क खरे तर जगभरच्या आदिवासींचा होता. अमेरिकेच्या अलास्का राज्याने तो मानला.

तिथल्या नैर्ऋत्य भागात, युपिक या मूलनिवासी लोकांच्या गावांत, 1970 च्या दशकात या विषाणूने घर केले होते. मोठ्या माणसाचे शरीर त्याला बहुधा परतवून लावते, पण जन्मावेळी लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्कामाला राहतो. तिथे यकृताच्या कर्करोगाने मुलेसुद्धा दगावत होती.

1981 मध्ये लस आली आणि याच गावांत तिच्या चाचण्या झाल्या. 1984 पासून लसीकरणाची मोहीम अलास्काच्या सगळ्या मूलनिवासींसाठी खुली झाली. बहुतेक गावांना रस्ता नाही, त्यामुळे भिस्त छोट्या विमानांवर आणि गावातल्याच आरोग्यसेवकांवर होती. घरोघरच्या लोकांचे रक्त तपासले गेले, संरक्षण नसलेल्यांना लस टोचली गेली आणि प्रत्येक नवजात बाळाला जन्मताच पहिला डोस मिळू लागला. आधीच लागण झालेल्यांनाही वाऱ्यावर सोडले नाही. कर्करोग वेळीच कळावा म्हणून अलास्कातले डॉ. ब्रायन मॅकमोहन आणि सहकाऱ्यांनी त्यांची नियमित रक्ततपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवली.

वीस वर्षांखालील मूलनिवासींत 1981-82 मध्ये लाखामागे 19 जणांना या विषाणूची तीव्र कावीळ होत होती. 1993-94 मध्ये एकालाही झाली नाही. याच वयात विषाणू बाळगणारे 1987 मध्ये 657 होते, 2008 मध्ये उरले दोन. 1999 नंतर या वयात यकृताच्या कर्करोगाचा एकही रुग्ण आढळला नाही.

हे यश नुसत्या लसीचे नाही. शेवटच्या गावापर्यंत जाण्याच्या आणि तिथल्याच माणसांवर विश्वास टाकण्याच्या चिकाटीचे ते फळ आहे. भारतात ही लस 2011 पासून सर्वत्र मोफत मिळते. पहिला डोस मात्र 24 तासांच्या आत द्यावा लागतो आणि दुर्गम पाड्यावर, घरीच बाळंतपण झाले की तोच हुकतो. आपल्या ओळखीत कुठे बाळ जन्मले, तर पहिल्याच दिवशी विचारा: हेपॅटायटिस बीची लस दिली का?