नाबाद 51

2 मार्च 2025. नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. विदर्भाचे नऊ गडी बाद झालेले, केरळविरुद्ध पहिल्या डावातली 37 धावांची आघाडी खिशात, म्हणजे करंडक आपलाच. सामन्यात मिळवायचं असं काही उरलं नव्हतं. तरीही शेपटाला उभा असलेला दर्शन नळकांडे एकेक धाव जमवत पन्नाशीपर्यंत गेला. त्यानंतरच दोन्ही संघांनी हस्तांदोलन केलं. विदर्भ 9 बाद 375, नळकांडे नाबाद 51.

दुसऱ्या दिवशी मोठे मथळे दानिश मालेवारच्या पहिल्या डावातल्या 153 धावांना आणि करुण नायरच्या दुसऱ्या डावातल्या 135 धावांना मिळाले. ते योग्यच होतं. पण अकोल्याच्या जुन्या शहरात राजराजेश्वराच्या मंदिराकडे चहाच्या टपरीवर बोलणं चाललं होतं ते या 51चं. ‘आपल्या पोट्ट्यानं काम केलं बापा,’ एवढंच एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. त्यांनी योग्य शब्द वापरला होता: काम.

अष्टपैलू खेळाडूची कारकीर्द मोजायची तर अशी कामं मोजावी लागतात. इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये ही परंपरा फार जुनी आहे. तिथला व्यावसायिक खेळाडू एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत रोजच्या नोकरीसारखा खेळायचा, आणि एका मोसमात 1000 धावा व 100 बळी, म्हणजे ‘डबल’, हा अष्टपैलूचा मानदंड होता. यॉर्कशायरच्या जॉर्ज हर्स्टनं 1906 साली 2385 धावा आणि 208 बळी अशी दुप्पट मजल मारली. 1969मध्ये काउंटीचे सामने कमी झाले आणि डबल जवळपास संपलं. त्यानंतर ते फक्त रिचर्ड हॅडलीला 1984मध्ये आणि फ्रँकलिन स्टीफन्सनला 1988मध्ये जमलं, दोघेही नॉटिंगहॅमशायरकडून. आपल्याकडे मोसम एवढा लांब कधीच नव्हता. त्यामुळे आपला अष्टपैलू आकड्यांनी कमी आणि प्रसंगांनी जास्त ओळखला जातो.

वऱ्हाडाचं नाव या परंपरेत तसं पूर्वीपासून आहे. मध्य प्रांत व वऱ्हाड या नावानं रणजीत एक संघ उतरायचा आणि चंदू सरवटे तरुणपणी त्याच संघाकडून खेळले. फिरकी टाकणारे आणि कुठल्याही क्रमांकावर फलंदाजी करणारे सरवटे 1946 साली ओव्हलवर सरे काउंटीविरुद्ध दहाव्या क्रमांकावर उतरले, तेव्हा भारत 9 बाद 205 होता. शूट बॅनर्जींबरोबर त्यांनी 249 धावांची भागी केली. सरवटे नाबाद 124, बॅनर्जी 121. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही एकाच डावात शतक करण्याची ती गोष्ट आजही लोक सांगतात. विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजीत आला 1957-58मध्ये, आणि पहिला करंडक मिळायला त्यानंतर साठ वर्षं लागली.

तो पहिला करंडक अकोल्यात वेगळ्याच कारणानं साजरा झाला. 2017-18च्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, इंदूरला दिल्लीविरुद्ध, आदित्य ठाकरे या अकोल्याच्या एकोणीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजानं थेट रणजी पदार्पण केलं. त्याच पिढीतला अथर्व तायडे पुढे विदर्भाच्या सलामीला आला. आणि त्याच पिढीतला दर्शन: जन्म वर्ध्याचा, 4 ऑक्टोबर 1998चा, खेळ मात्र अकोला क्रिकेट क्लबचा. आमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात बोटभर भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल पाय सोडत नाही. अशा जमिनीवरून चेंडू पळवायला शिकलेली ही पोरं आहेत, म्हणून मला त्यांचं जास्त कौतुक आहे.

दर्शनच्या कारकिर्दीचा आरंभ मात्र वाट पाहण्यात गेला. आयपीएलच्या 2019च्या हंगामासाठी पंजाबच्या संघानं त्याला घेतलं. तीन हंगाम तो संघात राहिला, पण सामना एकही मिळाला नाही. सरावाला नेमानं उतरायचं आणि सामन्याच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, हे विशीतल्या वेगवान गोलंदाजाला किती जड जात असेल!

मग 20 नोव्हेंबर 2021 उजाडला. सय्यद मुश्ताक अली स्पर्धेची उपांत्य लढत, समोर कर्नाटक. सलामीच्या जोडीनंच 132 धावा ठोकलेल्या. शेवटचं षटक दर्शनकडे आलं, आणि त्यानं सलग चार चेंडूंवर चार गडी बाद केले: अनिरुद्ध जोशी, शरथ, सुचित आणि अभिनव मनोहर. कर्नाटक 7 बाद 176वर थांबलं. विदर्भ 172पर्यंत पोहोचला आणि चार धावांनी हरला. चार चेंडूंत चार बळी घेऊनही संघ चार धावांनी हरतो, हे मला आजही सहन होत नाही.

पुढच्याच वर्षी, 8 एप्रिल 2022ला, गुजरातकडून त्याचं आयपीएल पदार्पण झालं, आणि समोर होता पंजाबच, म्हणजे ज्यांच्याकडे तीन हंगाम बसून काढले ते. लागोपाठच्या दोन चेंडूंवर त्यानं दोन गडी टिपले. त्यातला पहिला जितेश शर्मा, अमरावतीचा! मुंबईच्या ब्रेबॉर्नवर अकोल्याच्या गोलंदाजानं अमरावतीचा फलंदाज बाद करावा, हे वऱ्हाडाला नवीन होतं. आमच्याकडे त्या संध्याकाळी आनंद कुणाचा करावा हेच कळेना. गुजरातनं त्या वर्षी स्पर्धाही जिंकली. पण दर्शनच्या वाट्याला पुढल्या हंगामांतही मोजकेच सामने आले.

म्हणून रणजी महत्त्वाची. सप्टेंबर 2021मध्ये भारतीय क्रिकेट मंडळानं ठरवलेल्या मानधनानुसार वीस सामन्यांपर्यंतच्या खेळाडूला दिवसाला 40,000 रुपये, चाळीसहून अधिक सामने झालेल्याला 60,000. काउंटीच्या व्यावसायिकासारखं निव्वळ खेळावर घर चालवणं आता छोट्या शहरातल्या मुलालाही शक्य झालं आहे, मग भारताची टोपी मिळो वा न मिळो.

त्याच जामठ्याच्या सामन्यात, पहिल्या डावात, केरळचे पहिले दोन्ही गडी दर्शननंच त्रिफळाचीत केले होते. नवा चेंडू, कडक टप्पा, आणि दांड्या गुल. डावात 52 धावांत 3 बळी. 37 धावांची आघाडी अखेर करंडक देऊन गेली, आणि ती उभी राहण्यात या तीन बळींचा वाटा होता. पाचव्या दिवशीच्या त्या नाबाद 51साठी म्हणूनच मी उन्हात उभा राहून टाळ्या वाजवल्या, टपरीवरच्या छोट्या टीव्हीसमोर.