पाठीला माती लागली की नाही?

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे. श्रावणातल्या सोमवारी तिथं तांदळाच्या पिंडी पाहायला रांग लागते आणि दर्शन उरकलं की माणसांचा लोंढा आपोआप आखाड्याकडे वळतो. हलगी कडाडत असते. आधी रेवड्यांवरच्या पोराटोरांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या. ऊन कलायला लागलं की मोठ्या जोडी सुटतात. दोन अंगं एकमेकांत अशी गुंतून पडतात की कुणाचा हात आणि कुणाचा पाय ते कळत नाही. त्याच क्षणी फडाची एक बाजू उठून ओरडते, ‘झाली, झाली!’ आणि समोरची बाजू तितक्याच जोरात, ‘कुठं झाली? खांदा वर आहे!’

लहानपणी अशा गर्दीत मीही घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. आमच्या बाजूचा गडी पडलेला नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. समोरच्या बाजूच्या पोरांनीही तो पडलेला डोळ्यांनीच पाहिला होता. कुणी खोटं बोलत नव्हतं. एकच खांदा, एकच क्षण, आणि दोनशे माणसांना तो दोन तऱ्हेचा दिसला. हे कोडं माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

गोष्टीत हे कोडं सोपं असतं. जपानमध्ये कुस्तीगीर महावीरांची एक लांबलचक चित्रकथा आहे, ‘किन्निकुमान’. युदेतामागो या नावाने दोन शाळूसोबत्यांनी ती १९७९ साली सुरू केली. युदेतामागो म्हणजे उकडलेलं अंडं! १९८३ मध्ये तिची कार्टून मालिका झाली आणि पुढच्या पिढीची गोष्ट ‘अल्टिमेट मसल’ या नावाने इंग्रजीत पोहोचली. तिच्यात महावीरांच्या कुस्ती संघटनेचा एक अध्यक्ष आहे. इंग्रजी अवतारात त्याचं नाव व्हॅन्स मॅकमॅड. डब्ल्यूडब्ल्यूई पाहणाऱ्या कुणालाही हे नाव त्या कंपनीच्या तेव्हाच्या मालकावरून बेतलंय हे सांगावं लागणार नाही. हा अध्यक्ष कोट-टाय घालून वर बसतो आणि नायकाच्या वाटेत काटे पेरतो. त्याचा आकस त्याच्या चेहऱ्यावरच काढलेला असतो. पोरांना तो लगेच ओळखू येतो, म्हणून त्याचा राग करणंही सोपं जातं.

खऱ्या फडात पक्षपात असा चेहऱ्यावर लिहून येत नाही. तो कुठून येतो हे शोधायला लागलं की कुस्ती हा खेळच नव्याने दिसायला लागतो.

आधी कुस्ती ‘होते’ म्हणजे काय ते पाहू. टीव्हीवरच्या नाटकी कुस्तीत पंच हाताने आपटून एक-दोन-तीन मोजतो. आंतरराष्ट्रीय कुस्तीच्या नियमात असा आकडाच नाही. दोन्ही खांदे गादीला टेकलेले हवेत, आणि वरच्याचा पूर्ण ताबा आहे हे पंचाला दिसेल इतका वेळ ते टेकलेले राहायला हवेत. इतकंच. तो वेळ किती? पंचाला दिसेल इतका! म्हणजे मोजमापाच्या जागी नियमाने चक्क माणसाचा डोळाच बसवला आहे. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. एक पापणी चुकीच्या क्षणी मिटली की वर्षभराचा खुराक आणि पहाटेची हजार-हजार जोर-बैठकांची मेहनत पणाला लागते.

म्हणूनच गादीवर एका पंचावर भिस्त ठेवत नाहीत. एक मुख्य पंच पैलवानांभोवती फिरत असतो, त्याच्या एका मनगटावर लाल पट्टी आणि दुसऱ्यावर निळी. एक पंच कडेला बसून गुण लिहितो आणि तिसरा, गादीप्रमुख, वेगळ्या बाजूने पाहतो. मुख्य पंचाने चितपट दिली तरी बाकीच्या दोघांपैकी एकाचा होकार लागतो. तीन डोळे तीन दिशांना, कारण खांदा एका बाजूने टेकलेला दिसतो आणि दुसऱ्या बाजूने त्याच्याखालून उजेड दिसतो.

गुणांचा हिशोब तर त्याहून नाजूक. समोरच्याला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण. पण उभ्या कुस्तीतून त्याला थेट धोक्याच्या स्थितीत टाकलं तर चार. धोक्याची स्थिती म्हणजे काय? पाठ गादीकडे वळलेली, आणि पाठ व गादी यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची लढत झाली. महेंद्रने बाहेरील टांग हा डाव मारला, त्याला चार गुण मिळाले, आणि त्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. गावोगावच्या पारांवर माणसं मोबाइलवर ती चित्रफीत थांबवून थांबवून पाहत होती. कुणी तिला पैशाचा वाद म्हटलं, कुणी राजकारणाचा. मला मात्र त्यात एका कोनाचा वाद दिसला. पायांच्या बाजूने पाहिलं तर तो कोन वेगळा, डोक्याच्या बाजूने वेगळा. भूमितीच्या वहीत कोनमापक ठेवता येतो. हवेतून खाली येणाऱ्या ओल्याचिंब पाठीवर तो कुणी ठेवायचा?

दोन वर्षांनी असंच पुन्हा झालं. २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, गादी विभागाची अंतिम लढत. पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला. शिवराज म्हणजे आमच्या शेजारच्या आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा गडी, २०२३ चा महाराष्ट्र केसरी. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं त्याचं म्हणणं होतं. राग अनावर होऊन तो पंचांच्या अंगावर गेला. पुढे त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. त्याच संध्याकाळी पृथ्वीराजविरुद्ध केसरीची लढत खेळणारा महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन मैदान सोडून गेला, आणि बंदी त्याच्यावरही आली. पंचावर हात किंवा पाय उचलणं चूकच, त्यात दुसरं मत असू शकत नाही. पण आमच्या मंचर-नारायणगाव पट्ट्यातल्या अनेकांना त्या दिवशी जे वाटलं तेही खोटं नव्हतं. घरचा पोरगा पडलेला आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

डोळ्यांना असं का होतं, याचा शोध घेणाऱ्यांनी फार सुंदर प्रयोग केले आहेत. इंग्लंडमध्ये ४० फुटबॉल पंचांना एका सामन्यातल्या ४७ धडका पडद्यावर दाखवल्या. काही पंचांना प्रेक्षकांच्या आवाजासह, बाकीच्यांना आवाज बंद करून. चित्र तेच, नियम तेच. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध साधारण साडेपंधरा टक्के फाऊल कमी दिले. कुणी पैसे चारले नव्हते की धमकावलं नव्हतं. शंकेच्या क्षणी गर्दीचा हुंकार आपल्या बाजूचं मत होऊन कानात शिरतो, आणि पंचाला ते स्वतःचंच मत वाटतं! २००२ साली हा अभ्यास छापून आला. तो वाचल्यापासून फडातल्या हलगीकडे मी वेगळ्या कानांनी ऐकतो.

रंगाची गोष्ट आणखी नवलाची. अथेन्सच्या २००४ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती, मुष्टियुद्ध आणि तायक्वांदोत खेळाडूंना लाल किंवा निळा रंग चिठ्ठीने मिळत होता, आणि लालवाले निम्म्यापेक्षा थोडे जास्त जिंकले, सुमारे ५५ टक्के. मग जर्मनीत ४२ तायक्वांदो पंचांना लढतींची दृश्यं दाखवली आणि नंतर संगणकावर कपड्यांचे रंग अदलाबदल करून तीच दृश्यं पुन्हा दाखवली. लाल कपड्यातल्याला सरासरी १३ टक्के जास्त गुण पडले. लाथ तीच, छाती तीच, फक्त रंग बदललेला! पुढे बऱ्याच वर्षांच्या स्पर्धांचे आकडे एकत्र तपासले तेव्हा विजयांतला हा फरक टिकला नाही, हेही सांगायला हवं. पण पंचाच्या डोळ्यात रंग शिरू शकतो, एवढं त्या प्रयोगाने दाखवलं.

या सगळ्यापुढे आपली लाल माती मला फार शहाणी वाटते. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ही माती ओल्या अंगाला चिकटते. ‘त्याच्या पाठीला कधी माती लागली नाही’ असं आपण अजिंक्य पैलवानाबद्दल म्हणतो, तेव्हा आपण माती साक्षीला उभी करत असतो. गादीवर खांदा टेकला आणि उठला की मागे काहीच उरत नाही. मातीवर निदान काही खूण उरते. अर्थात कुस्ती लांबली की दोघांचीही पाठ सगळीकडून माखते, आणि मग तिची साक्षही चालत नाही.

जत्रेतल्या निकाली कुस्तीत गुण नसतात. चित झाला तो हरला, नाहीतर कुस्ती चालूच. म्हणजे पंचाने चुकायची जागा एकच. गादीवर सहा मिनिटांत चुकायच्या वीस-पंचवीस जागा असतात. मग जत्रेत पक्षपात नसतोच का? असतो, पण तो कुस्तीच्या आधी आणि शेवटी. जोड लावताना कुणाला कुणासमोर उभं करायचं, आणि दमलेल्या गड्याला वाचवायला कुस्ती बरोबरीत कधी सोडवायची, या दोन जागा फड भरवणाऱ्या पंचांच्या हातात असतात. नव्वद किलोच्या गड्यापुढे पंचाहत्तरचा उभा केला की पुढचा पंच देवमाणूस असला तरी उपयोग नाही. जाणती माणसं म्हणूनच हलगी वाजण्याआधीच्या जोडीकडे जास्त बारकाईने पाहतात.

मोजमाप असलेला खेळ पाहायचा तर याच जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यत बघा. आपल्याकडे घाटात गाडे शेजारी-शेजारी पळत नाहीत. एकेक बारी एकटी सुटते आणि घड्याळाशी झुंजते. सेकंद आणि सेकंदाचे भाग. तिथं वाद होतो तो घड्याळ कधी दाबलं यावर, कुणाचे बैल चांगले यावर नाही. कुस्तीला हे सुख नाही, कारण ताबा ही गोष्ट सेकंदात मोजता येत नाही.

आणि आता खाशाबा, ज्यांनी न पटलेल्या निर्णयाला वेगळं उत्तर दिलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, आयुष्यात पहिल्यांदाच गादीवर लढले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथं आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला आणि निवडीतून डावललं, असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते पंचाच्या अंगावर गेले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी पैलवान निरंजन दासशी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी ती मारली. एक गुण कागदावर लिहिणाऱ्या हाताला उत्तर पुन्हा कुस्तीतूनच मिळालं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून खाशाबांसाठी सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांची गाठ जपानच्या शोहाची इशीशी पडली. लांबलेल्या त्या लढतीत खाशाबा हरले. लगेच सोव्हिएत पैलवान रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला त्यांना बोलावलं. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विसावा द्यायचा नियम होता, असं सांगतात. पण तो नियम दाखवून भांडायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदकावर आले. इशीला सुवर्णपदक मिळालं, युद्धानंतरचं जपानचं पहिलं. ज्या जपानने पुढे पोरांच्या हातात कुस्तीगीर महावीरांची चित्रकथा दिली, तोच हा जपान.

या प्रसंगात मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की इथं आकसखोर अध्यक्ष कुणीच नव्हता. कोट-टायवाला कुणी वर बसून हसत नव्हता. फक्त एका माणसाच्या बाजूने बोलणारा कुणी नव्हता, आणि तेवढं पुरेसं झालं. खाशाबा परत आले तेव्हा कराडच्या स्टेशनवरून शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गाव त्यांच्या बाजूने बोलायला आलं, पण तोपर्यंत हेलसिंकीतली कुस्ती होऊन गेली होती.

लहानपणच्या ओतूरच्या त्या संध्याकाळी आमच्या बाजूचा गडी हरल्याचाच निकाल लागला. पंच म्हणजे उतारवयातले जुने पैलवान. दोन्ही बाजू अजून ओरडत असताना ते उठले. पांढऱ्या सदऱ्याच्या छातीला, कोपरांना आणि एका गालाला लाल माती लागली होती. त्या खांद्याखाली उजेड दिसतो का, हे पाहायला त्यांनी गाल जमिनीला टेकवला होता. तेवढ्या खाली जाऊन आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.